नशेबाजाची बायको

"हलू नका हो बाई, टाचणी घुसेल," डॉक्टर क्विम्बी म्हणाला आणि आयोनाच्या पाठीत टाचणी घुसलीच.

नर्सचा तो पांढरा झगा कुणा धिप्पाड बाईच्या मापाचा होता. आयोना प्रुएट उंचीला पुरून उरत होती, पण अंगानं काडी. कमरेत, खांद्यात, पाठीत टाचण्या मारून क्विम्बीनं झगा कसाबसा तिच्या अंगावर बसवला, डोक्यावर टोपी ठेवली आणि दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं.

"झकास! चेहरा तर असा की बघणाऱ्याला वाटावं, हिनं शंभर माणसं मरताना पाहिलीत."

"एक पाहिलंय," आयोना म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. तो स्वतःच्या कोटाची बटणं लावत होता. क्विम्बी डॉक्टर होता म्हणजे त्याच्याकडे पांढरा कोट होता आणि गळ्यात अडकवायची नळी होती. त्यापलीकडे त्याच्या डॉक्टरकीला काही पुरावा नव्हता, आणि आजवर कुणी मागितलाही नव्हता. एका मोटारीत सिनेमाची रिळं, विकायच्या उपदेशाच्या पुस्तकांची एक ट्रंक आणि लॉबीत मांडायचं सामान घालून तो गावोगाव फिरायचा. सिनेमाचं नाव 'राख झाली तारुण्याची'. मागच्या साली हाच सिनेमा वेगळ्या नावानं ह्याच भागात येऊन गेला होता, पण त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

"नीट ऐका," क्विम्बी सांगू लागला. "सिनेमा संपला की मी स्टेजवर जाऊन भाषण करणार. मग बायका लॉबीत येतील. त्या कोपऱ्यात काळा पडदा आहे. मी म्हणेन, 'भगिनींनो, पाहा!' की तुम्ही दोरी ओढायची. कुणाला भोवळ आली तर ही बाटली नाकाशी धरायची. बोलायचं मात्र नाही. नर्स बोलली की नर्स राहत नाही."

"पडद्याआड काय आहे?"

"ते सगळ्यांबरोबरच बघा. तुमचा चेहरा खरा दिसायला हवा."

नर्स नेहमी शेजारच्या गावची घ्यायची, ही ह्या धंद्यातली रीत. बाईनं स्वतःच्या गावात कुणाचे कपडे धुतलेले असतात, कुणाशी नळावर भांडण काढलेलं असतं. तिथं तिला नर्स कोण मानणार? म्हणून इथं मॅरिऑन स्प्रिंग्जसाठी डन्स फोर्कची आयोना, आणि उद्या डन्स फोर्कला दुसरीकडची कुणीतरी. क्विम्बी ह्या बाबतीत फार काटेकोर होता.

डन्स फोर्क म्हणजे शिशाच्या आणि जस्ताच्या खाणी, आणि घरांहून उंच असे दगडाच्या चुरीचे करडे ढिगारे. आयोना तिथं एका खाणावळीत राबायची. भाड्यानं राहणाऱ्या खाणकामगारांचे कपडे धुवायची. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघायचं, दुसरंही, तिसऱ्याला कुठं कापडाचा रंग दिसायचा. हे पांढरं पाणी माणसांच्या छातीतही साठतं हे तिला धुलाई करताना कळलं नव्हतं. ते तिला घरी कळलं.

थिएटरचा मॅनेजर टिमन्स घाम पुसत आत आला. "डॉक्टर, बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेलीय. पाद्रीबाबांची बायकोपण आहे! पण संध्याकाळच्या पुरुषांच्या खेळाचं काय? शेरीफ टपकला तर?"

"शेरीफ मासे पकडायला गेलाय. मीच त्याला गळ घेऊन दिलाय," क्विम्बी हसला. "आणि आलाच तर थंड रीळ लावायचं. पोरगी मोजे चढवते ते नाही, तळ्यात उतरते तेही नाही. नुसता उपदेश."

"थंड रीळ? अहो, मागच्या वेळी लोकांनी खुर्च्या मोडल्या माझ्या! मलाही मोडतील!"

"म्हणून तर गळ घेऊन दिला ना!"

आयोना ऐकत होती. तिच्यासमोर बोलायला त्यांना काही वाटत नव्हतं, कारण ती झग्यातली एक टाचणी होती. तिला ह्या कामात कसला अभिमानही वाटत नव्हता. पण एक गोष्ट मनात होती. वर्लिनच्या, म्हणजे नवऱ्याच्या, तीन वर्षांच्या आजारात तिनं जे केलं, त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. आज निदान टोपी तरी डोक्यावर आली होती. घरून निघताना सासूला, डोव्हीला, ती तसं म्हणालीही होती, आणि म्हातारी म्हणाली होती, "घाल की टोपी. तुझ्याएवढं कुणी केलंय?"

दुपारी बायकांचा खेळ सुरू झाला. आयोना मागच्या दाराशी बाटली घेऊन उभी होती. आधी पडद्यावर मोठाल्या अक्षरांत उपदेश आला की हे चित्र केवळ समाजाच्या डोळ्यांत अंजन घालण्यासाठी काढलं आहे. मग एका शाळकरी पोरीनं गांजाच्या सिगारेटचा एक झुरका घेतला, खदाखदा हसली, नाचली, आणि बघता बघता तिचं वाटोळं झालं. आयोनाला हसू येत होतं. माणूस खरंच संपत जातो तेव्हा तो असा झपाट्यानं संपत नाही. तो पायरी चढायचा थांबतो. मग आडवं झोपायचा थांबतो. मग एका वाक्यात दोनदा श्वास घ्यायला लागतो. त्याचा सिनेमा कोण काढणार? त्यात पोरगी नाही, तळं नाही.

शेवटी दिवे लागले. क्विम्बी स्टेजवर आला, आणि त्याचा आवाज असा कळवळ्यानं भरून आला की पुढच्या रांगेतल्या दोघी मुसमुसायला लागल्या. आया-बहिणींनो, तुमच्या पोटचा गोळा, तुमच्या शेजारचा मुलगा, आज हसतोय, उद्या? "चला माझ्याबरोबर. सिनेमा खोटा म्हणाल. आता खरा माणूस पाहा!"

लॉबीत बायका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आयोना काळ्या पडद्याजवळ दोरी धरून ताठ उभी होती.

"भगिनींनो, पाहा!"

तिनं दोरी ओढली.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, माणसाएवढा वाढवलेला फोटो होता. ओसरीवर खुर्ची, खुर्चीत एक माणूस, कमरेच्या वर उघडा. बरगड्यांवर नुसती कातडी. डोळे खोल गेलेले, पण सरळ समोर बघणारे. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'नशेचा बळी! पाच वर्षांपूर्वी हा गावचा देखणा तरुण होता.'

ती ओसरी तिची होती. खुर्चीचा डावा पाय दोरीनं बांधलेला होता, ती दोरी तिनं बांधली होती.

मागच्या मागच्या उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन एक माणूस डन्स फोर्कला आला होता. खाणीतली धूळ माणसाचं काय करते ते बाहेरच्या लोकांना दाखवायचंय, म्हणाला. घरोघर दारं बंद झाली, कारण कंपनीला कळलं तर कामावरून काढलं असतं. वर्लिनला आता कुणी कशावरून काढणार होतं? तो म्हणाला, मला ओसरीवर न्या. कंपनीच्या डॉक्टरनं 'क्षय आहे, घरातच लागला असेल' असं सांगून हात झटकले होते, तो राग वर्लिनच्या अंगात शेवटपर्यंत होता. बाकी काहीच उरलं नव्हतं. खुर्चीत बसल्यावर त्यानं आपल्या हातानं शर्टाची बटणं काढली. एकेका बटणाला दम घेत. आयोना शाल घालायला गेली तर म्हणाला, "नको... बरगड्या दिसू देत. लोकांना... कळू दे." पानगळ लागायच्या आत तो गेला.

आणि लोकांना हे कळलं होतं!

आयोनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायका 'अगंबाई, अगंबाई' करत पुढे सरकत होत्या. एकजण आपल्या मुलीला सांगत होती, "बघ, नीट बघ, वाईट संगतीनं हे होतं."

"हा माझा नवरा आहे," आयोना म्हणाली.

बायकांच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती ओरडली. "हा माझा नवरा आहे! वर्लिन प्रुएट! ह्यानं आयुष्यात कसली नशा केली नाही! हा खाणीत ड्रिल चालवायचा. दगडाची धूळ आहे ही, दगडाची! तुमच्या गावात ज्यांचे बंगले आहेत ना, त्यांच्या खाणीची!"

क्विम्बीचं तोंड उघडं पडलं. पण तो काही काल धंद्यात आलेला नव्हता. त्यानं स्वतःची टोपी काढली, छातीशी धरली, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं.

"भगिनींनो! ऐकलंत? मी हे सांगणार नव्हतो. ही बाई स्वतः त्याची विधवा आहे. आजही ती मान्य करत नाही! शेवटपर्यंत नवऱ्याचं पाप पोटात घालते आहे. ह्याला म्हणतात पत्नी! अशा किती जणी घराघरांत गप्प बसल्या असतील? ह्या पुस्तकात त्यांच्यासाठीच..."

पुढचं रडण्याच्या आवाजात बुडून गेलं. बायका आयोनाला बिलगल्या. पाद्रीबाबांच्या बायकोनं तिचे हात हातांत घेतले. "सोसलंस गं बाई! नशेबाजाची बायको होणं सोपं नाही."

"अहो, तो नशेबाज नव्हता! सांगते काय मी? धूळ, धूळ होती छातीत!"

"हो गं, हो. सगळ्याजणी असंच म्हणतात."

"माझा दीर आहे की खाणीवर," मागून एक टोपीवाली बाई म्हणाली. "घोड्यासारखा ठणठणीत आहे."

"कुठं? खाली की ऑफिसात?" आयोनानं विचारलं.

बाईनं तोंड फिरवलं. पण तिच्यामागे उभ्या असलेल्या एका फिकट साध्या बाईनं फोटोकडे पुन्हा एकदा पाहिलं, बरगड्यांकडे, मग श्वासासाठी उघड्या राहिलेल्या तोंडाकडे. तिनं तोंडावर रुमाल धरला आणि गर्दीतून वाट काढत ती दाराबाहेर पळाली. तिला कळलं होतं. तिच्या घरात कुणीतरी आडवं झोपायचं थांबलं असणार. आयोनाचं ऐकणारी तेवढी एकच, आणि तीही निघून गेली.

बाकीच्या बायका पुस्तकांवर तुटून पडल्या.

लॉबी रिकामी झाल्यावर क्विम्बीनं तिला टिमन्सच्या खोलीत बसवलं आणि स्वतःच्या हातानं कॉफी ओतून दिली. त्याच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद होता.

"बाई, बारा वर्षं आहे मी ह्या धंद्यात. नट्या पाहिल्या, नट पाहिले. पण असं! टिमन्स, पुस्तकं संपली हो, सगळी!"

"तो फोटो तुमच्याकडे कुठून आला?"

"फोटो? कॅन्सस सिटीत एका फोटोवाल्याचं दुकान मोडत होतं. ढिगानं उचलले. त्यात एक ओढ्यात बुडालेलापण आहे, त्याचं अजून काही सुचलं नाही मला." तो जवळ सरकला. "हे बघा, तुमचं दुःख मला समजतं. पण झालं ते झालं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुम्ही माझ्याबरोबर चला. प्रत्येक खेळाला हेच. तुम्ही म्हणायचं, नाही, नाही, तो निर्दोष होता! जितकं नाकारलं तितकं लोकांना पटतं. रोज गरम जेवण, हॉटेलात खोली. उद्या डन्स फोर्कलाच सुरुवात करू."

"उद्या डन्स फोर्कला त्याची आई आहे," आयोना म्हणाली. "थिएटरला आमच्या घरावरूनच जावं लागतं. म्हातारी सत्तरीची आहे. तिनं हे बघायचं?"

क्विम्बीचे डोळे चमकले.

"आई आहे?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे... तीपण येईल का?"

कॉफीचा कप आयोनानं टेबलावर ठेवला. फेकून मारायचं तिच्या मनात आलं होतं, पण कप टिमन्सचा होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिनं ऐकलं होतं. ती खाणीच्या ऑफिसात बसतात असं तिला वाटायचं. ती गावोगावही फिरतात, कळवळ्यानं रडतात, आणि टोपी काढून छातीशी धरतात, हे तिनं आज पाहिलं.

ती उठली, लॉबीत गेली आणि तिनं तो पुठ्ठा खिळ्यावरून उचकटला.

"ए! ए बाई! काय करतेस?" क्विम्बी धावत आला. "माझी मालमत्ता आहे ती! विकत घेतलाय मी फोटो!"

"फोटो घेतलास. माझा नवरा नाही घेतलास."

"खाली ठेव. नाहीतर शेरीफला बोलावतो!"

"बोलाव की."

"चोरी आहे ही! आत्ता बोलावतो!"

"अरे, बोलावच," आयोना म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत होता, धुण्याची गणती सांगावी तसा. "नाहीतर मीच जाते, तळ्यावर गळ टाकून बसला असेल. इथं आणते. त्याला तुझ्या समोर बसवते. आणि मग लाव तुझं थंड रीळ. बाहेर बघ, कोण उभं आहे ते."

काचेच्या दारापलीकडे पुरुषांची रांग लागली होती. खेळाला अजून अवकाश होता तरी रांग औषधांच्या दुकानापर्यंत पोचली होती. तळ्यातल्या पोरीची बातमी शेजारच्या तीन गावांना लागलेली होती. टिमन्सनं रांगेकडे पाहिलं, मग आपल्या खुर्च्यांकडे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"जाऊ द्या हो तिला, डॉक्टर," तो म्हणाला. "तो बुडालेला लावा. त्याच्याखाली लिहा काहीतरी."

क्विम्बी दातओठ खात बाजूला झाला. "झगा तरी ठेव!"

"टाचण्या तू मारल्यास. काढायला वेळ नाही मला."

दार उघडून ती बाहेर पडली. पुठ्ठा तिनं फोटो आतल्या बाजूला करून छातीशी धरला होता, हात जेमतेम पुरत होते. रांगेतून शिट्टी आली. "नर्सबाई, आमचीपण नाडी बघा की!" "आत काय दाखवतात हो, सांगा तरी!" ती थांबली असती, फोटो त्यांच्याकडे वळवला असता, पुन्हा ओरडली असती. पण आज ओरडून काय होतं ते तिला कळलं होतं. ह्या गावात वर्लिन जिथं उभा राहील तिथं तो तमाशाच होणार होता. ती सरळ बसच्या थांब्याकडे गेली.

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "एवढं धूड आत कसं यायचं?" मग झगा बघून गप्प बसला. ती मागच्या बाजूला उभ्यानं आली. वाटेत ढिगारे दिसायला लागले तसं तिला रडू आलं, आणि रडताना स्वतःचाच राग आला. वर्लिन मरताना ती इतकी रडली नव्हती. तेव्हा तो तरी तिचा होता. त्यानंतर न जाणो किती महिने तो कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणापुढे नशेबाज म्हणून उघडा बसून होता, आणि ती इथं पांढरं पाणी ओतत होती.

डन्स फोर्कला पोचली तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. डोव्ही तंबाखूची चिमूट गालात धरून शेंगा सोलत बसली होती.

"काय गं, टोपी घालून आलीस? बघू बघू..." ती म्हणाली आणि सुनेचं तोंड बघून थांबली. "काय झालं?"

आयोनानं पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि वळवला.

म्हातारीच्या मांडीवरच्या शेंगा एकेक करून खाली घरंगळल्या. तिला वाचता येत नव्हतं.

"ते लाल काय लिहिलंय?"

खोटं सांगावं असं आयोनाला फार वाटलं. पण आज दिवसभर खोटंच चाललं होतं. तिनं सगळं सांगितलं. पडदा, बायका, पुस्तकं, कॉफी, 'तीपण येईल का' हेसुद्धा.

डोव्ही उठली. आयोनाला वाटलं ही आता कोसळते. पण ती आत गेली आणि शेंगा चिरायची सुरी घेऊन आली. गुडघे टेकून तिनं लाल अक्षरांची पट्टी खरवडायला सुरुवात केली. कागद निघेना तेव्हा नखांनी ओढला. "मेल्यांनो," ती पुटपुटत होती, "आधी जीव घेतलात, मग नावपण घेता? मेल्यांनो, भाड्यांनो..." आयोना बाजूला बसून कागदाचा चुरा झाडत होती. शेवटी खाली नुसता पांढरा ओरखडा राहिला.

मग दोघींनी मिळून फोटो उचलला. तीच खुर्ची अजून ओसरीवर होती, दोरी बांधलेल्या पायाची. त्या खुर्चीत त्यांनी वर्लिनला बसवलं.

"उद्या तो येणार इथं, सिनेमा घेऊन," आयोना म्हणाली. "अख्खं गाव आपल्या दारावरून जाणार. आत नेऊन ठेवू या का, आई?"

खाणीवरून पाळी सुटल्याचा भोंगा झाला. वरच्या रस्त्यावर माणसं दिसू लागली, डोक्यापासून पायापर्यंत करडी, खोकत, डबे हलवत. म्हातारीनं आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि पोराच्या उघड्या अंगावर पांघरली. कडा नीट केल्या, गळ्याशी खोचली.

माणसं जवळ येत होती.

"शर्ट त्यानंच काढला होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"स्वतःच्या हातानं?"

"हो, आई. एकेक बटण."

डोव्हीनं शाल काढून घेतली, घडी करून काखेत धरली, आणि खुर्ची धरून रस्त्याकडे तोंड करून ठेवली.